नकार लेखी द्या

दौंड, ४ ऑक्टोबर १९९८

चि. राजश्री,

म्हाळूमामाचा जय भीम. तुझी मामी शेजारी बसलीय, तिचा पण जय भीम. रागानं लिवू नका असं तिनं बजावलंय, म्हणून हसत हसत लिवतोय.

तू गेल्याला महिना झाला. गल्लीत रोज कुणी ना कुणी इचारतं, भाची कुठं हाय? मी सांगतो, आफ्रिकेत, झांबियात. नोकरीला का? मी सांगतो, न्हाई, शिरूरच्या शाळेतली चांगली मास्तरकी दोन वर्सं बिनपगारी रजेवर टाकून तिकडच्या पोरांना शिकवायला गेलीय. त्यावर माणूस माझ्या घरात कुणी अंथरुणाला खिळल्यावानी माझ्याकडं बघतो. शाळा समितीवरला पोपटराव म्हणाला, तिकडं वाघ असत्यात. मी म्हटलं, आफ्रिकेत वाघ नसतो, सिंह असतो. एवढं ज्ञान तुझ्यामुळं वाढलं.

तुझी आई कोरेगाव भीमाहून दोनदा येऊन गेली. दोन्ही येळा रडली, दोन्ही येळा रस्सा मागून घेतला. तवा काळजी करू नको.

एकच इचारतो. शिरूर-दौंडातली बिनशाळेची पोरं संपली व्हती का, म्हणून समुद्रापल्याड जावं लागलं? उत्तर लिव. काय जेवतेस, कोणत्या भाषेत शिकवतेस, तेही लिव.

तुझा,
म्हाळूमामा


एन्डोला, १ नोव्हेंबर १९९८

प्रिय मामा-मामी,

जय भीम. हसत लिहिलेलं पत्र मिळालं. राग पोचला, हसू बहुतेक कस्टमवाल्यांनी ठेवून घेतलं.

जेवायला मक्याच्या पिठाची घट्ट उकड असते, तिला न्शिमा म्हणतात. हातानं गोळा करायचा आणि सुक्या बारीक मासळीबरोबर खायचा. मामींना सांगा, आपलं सुकट इथं आणलं तर पाहुणं वाटणार नाही. भाषा बेम्बा. मी ती तुमच्या इंग्रजीइतकीच चांगली बोलते, म्हणजे समोरचा हसतो आणि काम होतं. आपल्यासारखाच इथंही मान देऊन बोलतात, मोठ्या माणसाच्या नावाआधी 'बा' लावतात. मी 'बा राजी' झालेय. बाईला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मी जिच्या घरी राहते ती बाना मुताले, म्हणजे मुतालेची आई.

आमच्या वस्तीला लागून दगडाची खाण आहे. बायका हातोडीनं दगड फोडून खडी करतात आणि रस्त्याकडेला ढीग लावून विकतात. पोरंही फोडतात. कपच्या डोळ्यांत उडू नयेत म्हणून दगडाभोवती टायरच्या जुन्या ट्यूबची कडी धरतात. मुताले बारा वर्षांची आहे, ती कडी धरण्यात पटाईत. सरकारी शाळा हाकेच्या अंतरावर आहे, पण गणवेश, बूट आणि फी, यातलं एक जरी नसलं तरी फाटक उघडत नाही. म्हणून बायकांनीच मातीच्या भिंतींची एक खोली बांधून शाळा सुरू केली. मी यायच्या आठवड्यात पालिकेच्या माणसांनी ती पाडली, जागेचा परवाना नाही म्हणून. आता त्रेचाळीस मुलं आंब्याखाली बसतात.

सरकारी शाळेचे मुख्याध्यापक मिस्टर फिरी. उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलायला फार गोड. मी चार वेळा त्यांच्याकडे गेले. दर वेळी चहा देतात, आपल्या सिनेमांबद्दल विचारतात. मुलांचं काढलं की म्हणतात, "बघू, पुढच्या आठवड्यात या."

आता तुमचा प्रश्न. पोरं संपली नव्हती, मामा. इथल्या बायकांनी आधी शाळा काढली आणि मग शिक्षक शोधला, हे मी कधी पाहिलं नव्हतं. ते शिकायला आले. राहिली तिकडची पोरं. तुमच्या घरामागं भीमेच्या काठाला वीटभट्टी आहे. तीस वर्षं लोको शेडात फिटर होतात, युनियन चालवलीत, आणि आता पेपरातली कोडी सोडवताय. मी इकडचं बघते, तुम्ही भट्टी बघा. वाटणी पटते का?

तुमची,
राजी


दौंड, २९ नोव्हेंबर १९९८

चि. राजश्री,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. उंच हाय, इस्त्रीचा शर्ट घालतो, गोड बोलतो आन् चार येळा चहा पाजला, एवढं ऐकून ती उठून आत गेली आन् तुझ्या आईला फोन करायला पैसे घेऊन आली. मी कसाबसा थांबवला. माझी काही हरकत न्हाई. बुद्धवंदना त्याला शिकवता येईल. फकस्त त्याचं वय आन् शेतीवाडी काय ते कळव.

तुझं पोरांचं काम मात्र चुकतंय. "बघू" ह्या शब्दाला तू चार येळा चहा पिऊन आलीस. शेडमधी आमचा एक साहेब असाच व्हता. रजा मागितली की बघू. भांडावं तर त्यानं न्हाई म्हटल्यालंच नसायचं. मग आम्ही ठरवलं, दर माणसानं रोज सकाळी एक अर्ज द्यायचा, एका ओळीचा, आन् पोच मागायची. नकार द्यायचा असंल तर लेखी द्या, कोणत्या नियमानं ते लिवा, खाली सही करा. घोषणा न्हाई, आवाज न्हाई, हात जोडून मागायचं. नवव्या दिवशी सगळ्यांच्या रजा मंजूर झाल्या. जिभंला हाड नसतं, राजी. सहीला असतं.

तवा पोरांना अर्ज लिवायला शिकव. क-ख-ग नंतर शिकली तरी चालंल.

भट्टीचं म्हणशील तर मला येळ न्हाई. डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणून रोज त्या अंगानं जातो, एवढंच. कोडी सोडवणं चालू हाय.

मामीचा आशीर्वाद, तुला आन् फिरीसाहेबांना पण.

म्हाळूमामा


एन्डोला, २४ जानेवारी १९९९

प्रिय मामा,

आधी स्थळाचं. मिस्टर फिरी अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. अकरा नातवंडं आहेत आणि बायको माझ्यापेक्षा वीतभर उंच. मामींना हळूहळू सांगा.

तुमची युक्ती आम्ही वापरली. इथं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. अकरा तारखेला सकाळी त्रेचाळीस मुलं आणि त्यांच्या आया फाटकापाशी रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकाच्या हातात वहीचं एक पान. मुतालेनं आपला अर्ज स्वतः लिहिला. तिनं आयुष्यात लिहिलेलं पहिलं आख्खं वाक्य ते, 'मला शाळेत घ्या.'

फिरी सर बाहेर आले. म्हणाले, "बा राजी, हे काय आहे?"

"अर्ज आहेत, सर."

"मी तुम्हाला सांगितलंय की नियम..."

बाना मुताले पुढं झाली. "सांगितलेलं आम्ही विसरतो, सर. आम्ही खाणीतल्या बायका. लिहून द्या."

त्यांनी खिशातून पेन काढलं, पेनाकडं पाहिलं आणि परत खिशात ठेवलं. अर्ज मात्र घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्रेचाळीस. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिपायाला सांगून फाटकाजवळ टेबल मांडलं, कारण उभ्यानं कागद घेऊन पाठ दुखायला लागली. पोच मागितली की म्हणतात, "माझा चेहरा हीच पोच." गोड बोलतात ते खोटं नव्हतं.

पुढचं सवडीनं लिहीन. मध्ये पत्राला उशीर झाला तर काळजी करू नका. पावसाचे दिवस आहेत, टपाल रखडतं.

राजी


दौंड, १४ फेब्रुवारी १९९९

राजी बाळा,

हे पत्र तुझी मामी सरूबाई सांगतीय आन् शेजारची अकिला लिवतीय. तुझ्या मामांना पत्ता न्हाई. ते जेवून पडल्यात.

तुझे मामा काय चालाय-बिलाय जात न्हाईत. आठ दिवस झाले की नव्या चपला मागत्यात, तवाच मला संशय आला व्हता. भट्टीवरची अकरा पोरं गोळा करून ते रोज शाळा भरायच्या टायमाला फाटकात उभं ऱ्हात्यात. दहा आठवडं झालं. पोरांच्या हातात चिठ्ठ्या. मोठ्या बाई म्हणत्यात, वर्स निम्मं झालं, जन्माचा दाखला न्हाई, आन् एप्रिल लागला की ही माणसं बिऱ्हाड उचलून जाणार, नाव कशाला घालायचं? तुझे मामा म्हणत्यात, लेखी द्या. शेवटी बाईंनी शाळा समितीच्या पोपटरावला बोलवलं. तो म्हणाला, "म्हाळूदादा, वय झालं, घरी बसा आता." ह्यांनी त्याला पण सांगितलं, लेखी दे.

(मामी हे सांगताना हसतायत, राजीताई, पण काल त्या तिकडं जाऊन लांबून बघून आल्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. मी शिलाईयंत्रावरून पाहिलं. अकिला.)

अकिला मधी मधी काय लिवतीय ते मला वाचता येत न्हाई, तवा तिचं मनावर घेऊ नको.

मागच्या मंगळवारी उन्हात ह्यांना चक्कर आली. भट्टीवर कामाला जाणाऱ्या, गावातल्याच भागुबाईनं सावलीला बसवून गुळपाणी दिलं. घरी येऊन एक शब्द बोलले न्हाईत. मला भागुबाईकडनं कळलं. तुला का कळवत न्हाईत म्हणून इचारलं, तर म्हणाले, "तिला आफ्रिकेवरनं इतकं चिडवलं. आता मीच फाटकात उभा, कळलं तर हसंल."

आता तुझं. टपाल रखडतं म्हणालीस, पण तुझं ते पत्र तेरा दिवसांत आलं. एवढ्या लवकर तर कुठलंच आलं न्हवतं. काय लपवतीस? मला अक्षर येत न्हाई, पण तुझ्या आईला वाढवलेली मीच हाय, तुला तर ओळखतेच. सगळं लिव. पत्र अकिलाच्या दुकानावर घाल.

तुझी मामी


एन्डोला, १४ मार्च १९९९

प्रिय मामी,

तुम्हाला चोरून काही करता येत नाही, हे मला इथवर येऊनही कळलं नाही.

२२ जानेवारीला फाटकापाशी पोलीस आले. परवानगीशिवाय जमाव जमवला म्हणाले. बाना मुताले, आणखी तीन बाया आणि मी, पाचजणींना गाडीत घातलं. कुणी मारलं नाही. दुपारी साहेबानं माझा पासपोर्ट पाहिला, समज दिली की पुन्हा फाटकाजवळ दिसलीस तर इथं राहायचा परवाना रद्द होईल, आणि मला सोडलं. त्या चौघींना ठेवलं. दोन दिवस. मी बाहेर पडताना बाना मुतालेनं गजाआडून सांगितलं, "घरी चुलीजवळ भांडं झाकून ठेवलंय, मुतालेला वाढ." मी वाढलं. मुताले जेवली, मी भांडं घासून पालथं ठेवलं. इतक्या बायकांत मी एकटीच परकी, आणि सुटले मी एकटीच. हे तुम्हाला लिहायची लाज वाटली, म्हणून पाऊस लिहिला.

सोमवारी मी आंब्याखाली बसून राहिले. वाटलं, संपलं. मुताले आली आणि म्हणाली, "बा राजी, एका माणसाचा जमाव होतो का?"

मी म्हटलं, नाही.

"मग आम्ही एकेक जातो."

आणि गेली. एक मूल जायचं, अर्ज द्यायचं, परत यायचं, मग दुसरं निघायचं. सकाळी आठला सुरू झालं ते दुपारपर्यंत चाललं. एकही मोठं माणूस बरोबर नाही. सहा वर्षांचं एक पोर तर वाटेत सरडा बघत थांबलं आणि सगळी रांग खोळंबली. फिरी सर टेबलाशी बसून होते. ते चहाला उठले नाहीत.

तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी सर स्वतः ठाण्यात गेले. आमच्या बायकांवरची तक्रार काढून टाका, त्या माझ्या विद्यार्थ्यांच्या आया आहेत, असं म्हणाले. साहेब म्हणाला, "ती मुलं तुमच्या शाळेत नाहीत." सर म्हणाले, "माझ्या फायलीत आहेत." मग त्यांनी सगळे अर्ज, साडेपाचशेच्या वर असतील, दोरीनं बांधून जिल्ह्याच्या कचेरीत नेले आणि वरच्यांना विचारलं, मी ह्यांना कोणत्या नियमानं नाकारू ते मला लेखी कळवा. मामांची युक्ती मिस्टर फिरींनी वरच्या साहेबांवर चालवली.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. सव्वीस मुलांना प्रवेश मिळाला, गणवेश आणि बुटाशिवाय. सतरांना जागा नाही. पण शाळेच्या आवारात बायकांना पुन्हा खोली बांधू दिली आहे, आणि खडू-पुस्तकं शाळा देईल. मुताले सव्विसांत आहे. बारा वर्षांची पोरगी पहिलीत सहा वर्षांच्यांमध्ये बसते, गुडघे बाकात मावत नाहीत. विचारलं, लाज वाटते का? म्हणाली, "त्यांना वाटत असेल. मी त्यांच्यापेक्षा उंच आहे."

हे पत्र मामांना दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दाखवलंत तर एवढंच सांगा, मी हसले नाही.

तुमची,
राजी


दौंड, ११ एप्रिल १९९९

चि. राजश्री,

माझ्या घरात माझ्या माघारी पत्रं लिवली जातात, आन् टपालखातं त्यात सामील हाय, हे कळलं. अकिलाला मी चांगलंच सुनावलं. ती म्हणाली, "मामा, लेखी द्या." सगळ्या गल्लीला हे येड लागलंय.

तुला ठाण्यात नेलं, हे वाचून रातभर माझा डोळा लागला न्हाई. मला सांगायला पायजे व्हतं. चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपात मी आठ दिवस आत व्हतो. मला पण माझ्या एका सोबत्याच्या आधी सोडलं व्हतं, त्याच्या बायकोला तोंड दाखवायला मला महिना लागला. सुटल्याची लाज धरू नको. बाहेर येऊन पोरीला वाढलंस, ते काम व्हतं आन् ते तू केलंस.

आता माझं. लपवण्यासारखं काय न्हाई उरलं. मार्चात बाई म्हणाल्या, पोरं बसू द्या वर्गात, नावाचं राहू द्या. भागुबाई म्हणाली, घ्या पदरात पडतंय ते. मी म्हटलं, न्हाई. बिननावाचं पोर बसलं काय, उठलं काय, कुणाला हिशेब? नाव पायजे. तर बाईंनी नावं घातली. पेन्सिलीनं. मी रोज जाऊन बघायचो, खोडली का काय. पंधरा दिवसांनी तालुक्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी इचारलं, ही नावं शिसपेन्सिलीनं का? बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "साहेब, बाईंनी नावं घातली हेच लई केलं, पेन मी देतो." बाईंनी माझ्याच पेनानं नावं गिरवली. आता त्या मला चहा देत्यात. चार येळा दिलाय. तुझ्या मामीला सांगू नको.

पण सगळं गोड न्हाई. भट्टी सुटताना शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला, की पुढच्या गावची शाळा आडवं बोलू शकणार न्हाई, ह्यासाठी तर हा खटाटोप. आठ पोरांचे दाखले मी त्यांच्या आयांच्या हातात दिले. तिघांचे बाप ठेकेदाराशी भांडून आठ दिवस आधीच पोरं घेऊन गेले. त्यात भाग्यश्री व्हती, सात वर्सांची. सगळ्यांत आधी तीच यायची, माझ्या धोतराला धरून उभी ऱ्हायची. तिचा दाखला माझ्यापाशी हाय. कुणी म्हणतं केंदूरकडं गेले, कुणी म्हणतं वढू बुद्रुकला भट्टी लागलीय. रोज फाटकातनं परत येताना हात रिकामा वाटतो. पोरगी दाखल्याबिगर गेली, हे काय मनातून जात न्हाई.

म्हाळूमामा


एन्डोला, ६ जून १९९९

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी मोडक्यातोडक्या बेम्बात आमच्या बायकांना वाचून दाखवलं. पेन्सिलीवर त्या खूप हसल्या. भाग्यश्रीपाशी आल्यावर कुणी हसलं नाही. बाना मुताले म्हणाली, "त्या आजोबांना विचार, त्यांना चालता येतं ना?"

मी म्हटलं, डॉक्टरनंच सांगितलंय त्यांना. तेव्हा मामा, आता कोडी सोडा. केंदूर आणि वढू काही आफ्रिकेत नाहीत. एस.टी. जाते. कोरेगावला आईकडं उतरा, रस्सा मिळेल, आणि तिथून एकेक भट्टी बघत जा. बरोबर भागुबाईला न्या, तिला माणसं ओळखता येतात. भाग्यश्री सापडली की लगेच कळवा. नाही सापडली तरी कळवा, पाऊस लिहू नका.

इकडची खोली छपरापर्यंत आली आहे. विटा सगळ्यांनी मिळून थापल्या, मीही. माझ्या विटा वाकड्या म्हणून त्या मागच्या भिंतीला लावल्या.

गेल्या सोमवारी एक गोष्ट झाली. मी फिरी सरांकडं खडूची पेटी आणायला गेले होते. बाना मुताले खाणीतून तशीच आली, हातापायांवर दगडाची पांढरी भुकटी, डोक्याला फडकं. टेबलावर तिनं वहीचं पान ठेवलं. अक्षरं मोठी, एकमेकांना धडकणारी. लिहिलं होतं, 'मला शाळेत घ्या.'

सर म्हणाले, "मुतालेला घेतलंय की, बाना मुताले. ती वर्गात बसलीय."

ती म्हणाली, "हा मुतालेचा नाही, सर. माझा आहे. हे माझं नाव, चोला. मुतालेकडून शिकले."

सरांनी चष्मा काढला. ती चौतीस वर्षांची आहे. ते म्हणाले, "पहिलीच्या वर्गात? नियम..."

"कोणता ते लिहून द्या," ती म्हणाली.

सरांनी कपाटातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि पानं चाळायला लागले. ती उभी राहिली. बराच वेळ गेला. किमान वय सापडलं. कमाल वय कुठं लिहिलेलं सापडेना. शेवटी सरांनी पानात बोट ठेवून मान वर केली आणि म्हणाले, "मला शोधायला वेळ लागेल. तोवर उभी कशाला राहतेस? वर्गात जाऊन बस."

आज सातवा दिवस. खाणीतलं काम ती पहाटे उरकते. सर अजून शोधतायत. चोला तिसऱ्या बाकावर बसते, मुतालेच्या शेजारी, आणि तिचे गुडघे लेकीहूनही जास्त बाहेर येतात.

तुमची,
राजी